‘आमची एक बाई आहे’ : पन्नास वार रेशीम आणि न छापलेलं नाव

१२ सप्टेंबर १९५३ ला अमेरिकेतल्या न्यूपोर्ट गावात झालेल्या एका लग्नाचा फोटो तुम्ही कुठे ना कुठे पाहिलेला असणार. तरुण सिनेटर जॉन केनेडी, शेजारी जॅकलिन बूव्हिए. खांद्यांपर्यंत रुंद गळ्याचा हस्तिदंती झगा आणि घेरावर गोल गोल झालरींची चक्रं. केनेडी पुढे राष्ट्राध्यक्ष झाले आणि हा फोटो अल्बमांतून, मासिकांतून, आता मोबाइलमधून फिरतच राहिला.

लग्नाच्या बातमीत न्यूयॉर्क टाइम्सने झग्याचं वर्णन केलं. कापड कोणतं, गळा कसा, घेर कसा, सगळं. तो कुणी शिवला ते मात्र लिहिलं नाही. शिवणाऱ्या होत्या ॲन लो, न्यूयॉर्कच्या एक कृष्णवर्णीय ड्रेसमेकर.

२०२३ साली डेलावेअर राज्यातल्या विंटरथर संग्रहालयाने लोबाईंचं काम एकत्र मांडलं, तेव्हापासून हे नाव पुन्हा वाचायला मिळू लागलं. खरा झगा बॉस्टनच्या केनेडी ग्रंथालयात आहे, पण रेशीम इतकं जीर्ण झालंय की तो उभा करून दाखवता येत नाही. म्हणून प्रदर्शनासाठी डेलावेअर विद्यापीठातल्या एका शिक्षिकेने त्याची हुबेहूब प्रतिकृती शिवली.

अशा बातम्यांखाली एक वाक्य हमखास असतं: ‘इतिहास त्यांना विसरला.’ हे वाक्य मला पटत नाही. विसरायला आधी आठवणीत असावं लागतं, आणि इथे ज्यांना आठवायला हवं होतं त्यांना नाव नीट माहीत होतं. सांगायचं नाही हे ठरलेलं होतं. त्यामागे वर्णभेद होता आणि रोख हिशेबही होता. तो हिशेब कसा चालायचा ते बघू.

आधी दोन-तीन शब्द

आपल्याकडे ‘गाऊन’ म्हटलं की सकाळी ओढणी सावरत दूध घ्यायला दार उघडणारी बाई डोळ्यांपुढे येते. ही गोष्ट त्या गाऊनची नाही. इथे गाऊन म्हणजे समारंभाचा पायघोळ, घोळदार झगा, एकाच बाईच्या मापाने बेतलेला.

तो बेतणारी आणि शिवणारी ती ड्रेसमेकर. ज्या व्यक्तीचं नाव कपड्याला लागतं, ती डिझायनर. हात तोच असला तरी या दोन शब्दांच्या भावात जमीन-अस्मानाचा फरक आहे. तिसरा शब्द फ्रेंच आहे, ‘कूत्यूर’: गिऱ्हाइकाच्या अंगाबरहुकूम, बरंचसं हाताने शिवलेलं, अत्यंत महाग काम.

आणि लेबल. मानेच्या मागे किंवा कमरेच्या आत शिवलेली ती चार बोटांची पट्टी. चार्ल्स फ्रेडरिक वर्थ नावाच्या इंग्रज गृहस्थाने १८५८ मध्ये पॅरिसला दुकान थाटलं आणि कपड्यात स्वतःच्या नावाची पट्टी शिवायचा प्रघात पाडला. तोवर शिवणारा म्हणजे नोकर होता, पट्टीने त्याला चित्रकाराच्या रांगेत नेऊन बसवलं. सातबाऱ्याशी तुलना केली तर चटकन कळेल. कूळ पिढ्यान्पिढ्या जमीन कसत असलं, तरी उताऱ्यावर नाव लागलं नाही तर कर्ज मिळत नाही, हक्क सांगता येत नाही, उद्या कुणी ‘तू कोण?’ म्हटलं तर दाखवायला कागद नसतो. लेबल हा कपड्याचा उतारा. लोबाईंची आणि त्यांच्या आधीच्या कितीतरी जणींची गोष्ट ही या उताऱ्याची गोष्ट आहे.

सुई त्यांच्याच हातात का आली?

अमेरिकेच्या दक्षिणेत मळे होते आणि मळ्यांवर गुलाम. शेतात राबणारे आपल्याला माहीत असतात, पण मळ्यावर कपडेही लागत. सूत कातणं, विणणं, मालकिणीच्या रेशमी पोशाखापासून शेतमजुरांच्या जाड्याभरड्या सदऱ्यांपर्यंत सगळं शिवणं, हे काम गुलाम बायकांकडे असे. आईकडून लेकीकडे सुई जायची. चांगलं शिवणारीला मालक गावात दुसऱ्यांकडे भाड्यानेही द्यायचा. टाके ती घालायची आणि मजुरी मालकाच्या खिशात जायची.

मराठी वाचकाला हा विषय अगदीच परका नाही. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ अर्पण केली, ती गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या अमेरिकेतल्या सज्जनांना. पण १८६५ मध्ये गुलामगिरी कायद्याने संपली, तेव्हा मुक्त झालेल्या बाईपुढे कामं तरी कोणती होती? शेत, दुसऱ्याचं स्वयंपाकघर, दुसऱ्याची धुणी. यांच्यापेक्षा बरी म्हणजे सुई. घरी बसून करता येते, स्वतःचं दुकान निघू शकतं, आणि गिऱ्हाईक आपल्या दारात येतं. मंटगमरीच्या बसमध्ये गोऱ्या उतारूसाठी जागा सोडायला नकार देणाऱ्या रोझा पार्क्ससुद्धा त्या वेळी एका दुकानात शिवणकामच करत होत्या.

बाराशे डॉलर

या वाटेवरचं सगळ्यांत ठसठशीत नाव एलिझाबेथ केकली यांचं. जन्म १८१८, व्हर्जिनिया. आई मळ्यावर शिवायची, तिच्याकडूनच त्या शिकल्या. वडील म्हणजे मळ्याचा मालक. हे तिथे इतकं सर्रास होतं की त्यावर कुणी थांबतही नसे.

पुढे त्या गार्लंड कुटुंबाबरोबर सेंट लुइसला आल्या. कुटुंबाची परिस्थिती ओढगस्तीची होती, म्हणून केकलींना गावात शिवणकामाला लावलं. स्वतः त्यांनी लिहून ठेवलंय की सुईच्या जोरावर त्यांनी सतरा माणसांच्या तोंडी दोन वर्षं पाच महिने घास घातला. त्या सतरात मालकाचं कुटुंब होतं. पोसणारी गुलाम आणि पोसले जाणारे मालक, हा हिशेब ज्याने मांडला त्यालाही अवघड गेला असेल.

त्यांनी मालकाला विचारलं, माझी आणि माझ्या मुलाची किंमत सांगा, मी आम्हाला विकत घेते. गार्लंडने आधी विषयच बंद केला. पुन्हा विचारलं तेव्हा त्याने खिशातून पाव डॉलरचं चांदीचं नाणं काढलं आणि पुढे केलं: जायचंच असेल तर हे घे, नदीपलीकडे जायच्या होडीचं भाडं होईल. नदीपलीकडे इलिनॉय, तिथे गुलामगिरी नव्हती. केकलींनी नाणं घेतलं नाही. नदी ओलांडायचीच असती तर कधीच ओलांडली असती, मला कायद्याने मोकळं व्हायचंय, असं त्यांनी सांगितलं. शेवटी किंमत ठरली बाराशे डॉलर, दोघांची मिळून. गिऱ्हाईक बायकांनी पैसे उभे केले, १८५५ मध्ये कागद हातात आला, आणि केकलींनी ते पैसे उसने मानून शिवणकाम करून फेडले.

१८६० मध्ये त्या वॉशिंग्टनला गेल्या. जेफरसन डेव्हिस यांच्या पत्नीचे कपडे त्या शिवू लागल्या. हेच डेव्हिस वर्षभरात फुटून निघालेल्या दक्षिणेचे अध्यक्ष झाले. १८६१ च्या मार्चमध्ये अब्राहम लिंकन यांच्या पत्नी मेरी लिंकन यांच्याशी गाठ पडली. त्यांनी आधीच सांगून टाकलं, आम्ही पश्चिमेकडून आलोय, पैसे फार नाहीत, भाव परवडला तरच काम. (पैसे नसलेल्या या बाईंनी पुढे काय काय उधारीवर घेतलं ती वेगळी कथा आहे.) पहिल्या समारंभाचा गुलाबी झगा पोचायला इतका उशीर झाला की मेरीबाई खालीच येणार नाही म्हणून हटून बसल्या. केकलींनी त्यांची समजूत काढली आणि स्वतः त्यांना तयार केलं. उन्हाळ्यापर्यंत त्यांच्यासाठी पंधरा-सोळा पोशाख शिवून झाले होते.

गार्लंडच्या घरी त्या ‘लिझी’ होत्या. लिंकन त्यांना ‘मॅडम एलिझाबेथ’ म्हणत. पण १८६८ मध्ये केकलींनी आत्मचरित्र छापलं आणि व्हाइट हाउसच्या आतल्या गोष्टी लिहिल्या, तेव्हा गहजब झाला. मेरी लिंकन यांनी संबंध तोडले, गिऱ्हाइकी घटत गेली. शिवणाऱ्या बाईने घरातलं सगळं बघावं पण बोलू नये, हा अलिखित करार होता. माप घेणाऱ्या माणसाला अंगाचं आणि घराचं सगळं कळतं, म्हणून तर त्याच्या गप्प बसण्याला किंमत असते.

क्लेटनची फुलं

ॲन लो यांचा जन्म १८९८ च्या सुमाराचा, अलाबामातल्या क्लेटनचा. पणजी गुलाम होती. आजी आणि आई दोघी त्या राज्यातल्या बड्या घरच्या बायकांचे कपडे शिवायच्या. छोटी ॲन खाली पडलेल्या चिंध्या गोळा करून त्यांची फुलं करायची, बागेतली फुलं बघून. कापडी फूल म्हणजे पाकळी कापली आणि टाचली, इतकं सोपं नसतं. पाकळीची कड आत वळवायची, मधे हलकी चुणी घ्यायची, आणि देठाशी एकच टाका असा ओढायचा की सगळी पाकळी उमलल्यासारखी फुगते. जरा जास्त ओढला की फूल कोमेजतं. पुढे हजारो डॉलरच्या वर्तुळात लोबाईंची ओळख याच फुलांनी पटायची.

त्या सोळा वर्षांच्या असताना आई गेली. राज्याच्या गव्हर्नरच्या पत्नीचे चार झगे मशीनवर अर्धवट होते. ॲनने ते पुरे करून दिले.

१९१७ मध्ये त्या न्यूयॉर्कच्या एका शिवणकाम विद्यालयात दाखल झाल्या. वर्गातल्या गोऱ्या मुलींनी शेजारी बसायला नकार दिला, म्हणून त्यांना वेगळ्या खोलीत एकटीला बसवलं. आणि मग त्यांचं काम नमुना म्हणून त्याच मुलींना दाखवायला नेऊ लागले! माणूस भिंतीच्या अलीकडे, काम पलीकडे. पुढची पन्नास वर्षं याच ओळीत लिहिता येतील.

१९४७ च्या ऑस्कर सोहळ्यात अभिनेत्री ऑलिव्हिया डी हॅविलंड यांनी सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचा पुरस्कार घेतला तो ॲन लो यांनी केलेल्या झग्यात. आतल्या पट्टीवर नाव होतं ज्या दुकानात त्या काम करत त्या दुकानाचं, ‘सोनिया गाऊन्स’. फोटो जगभर गेला तरी नाव दुकानाबाहेर आलं नाही.

पाइप फुटला

आता ते लग्न. जॅकलिनच्या आई लोबाईंच्या जुन्या गिऱ्हाईक, म्हणून काम त्यांच्याकडे आलं: वधूचा झगा आणि सोबतच्या मुलींचे पोशाख, एकूण पंधरा. एकट्या वधूच्या झग्याला पन्नास वार रेशमी तफेता लागला. वार म्हणजे आपल्या नऊवारीतलाच वार. साडेपाच लुगडी होतील इतकं कापड एका झग्यात.

तफेता म्हणजे ते कडक, चालताना सळसळणारं रेशीम. त्याचा एक अवगुण आहे: भोक लक्षात ठेवतं. सुती कापडावर टाका चुकला तर उसवून पुन्हा घालता येतो, धुतल्यावर भोक मिटतं. तफेत्यावर एकदा सुई गेली की खूण राहिली. आणि पाणी पडलं तर डाग. झग्याच्या वरच्या भागावर कापडाच्या बारीक दुमडलेल्या पट्ट्या एकमेकींना छेद देत गेलेल्या, खाली घेरावर झालरींची वर्तुळं, त्यांच्या मधे मेणाची इवलीशी संत्र्याची फुलं. प्रत्येक पट्टी तिरपी, आणि तिरप्या कापडाला जरा ताण पडला की ते वाढतं. मशीनवर सोडून देण्यासारखं हे काम नाही. आधी कच्चा टाका, मग अंगावर घालून बघायचं, मग पक्का.

महिन्यांच्या मेहनतीनंतर सगळं तयार झालं. लग्नाला दहा दिवस होते. लोबाई कामाच्या जागी आल्या तर पाण्याचा पाइप फुटलेला. पंधरापैकी दहा पोशाख गेले, त्यात वधूचा झगाही.

त्यांनी पुन्हा कापड मागवलं, शिवणाऱ्या बायका वाढवल्या, दिवस-रात्र बसून सगळं नव्याने उभं केलं. वधूकडच्या कुणाला शब्दाने कळू दिलं नाही. या सगळ्या कामात सातशे डॉलर सुटतील असा त्यांचा अंदाज होता, प्रत्यक्षात बावीसशे डॉलरची खोट आली. वधूच्या झग्याचे घेतले होते पाचशे.

मग त्या स्वतः कपडे घेऊन न्यूपोर्टला गेल्या. दारावरच्या माणसाने सांगितलं, मागच्या, नोकरांच्या दाराने या. लोबाईंनी उत्तर दिलं की पुढच्या दाराने येऊ देणार नसाल तर कपडे परत घेऊन जाते. पुढचं दार उघडलं.

एका वाक्याचं अर्थशास्त्र

माझी आत्या सांगलीत घरी ब्लाउज शिवायची. खिडकीशी पायमशीन, भिंतीवरच्या खिळ्याला गिऱ्हाइकांचे मापाचे ब्लाउज, प्रत्येकाला चिठ्ठी टाचलेली. तिच्या हातची पाठ अशी बसायची की बायका वळून बघायच्या. एका लग्नात तिच्याच एका गिऱ्हाइकाला कुणीतरी विचारलं, ‘किती सुरेख बसलाय, कुठून शिवलास?’ उत्तर आलं: ‘अगं, आमची एक बाई आहे.’ आत्या तिसऱ्या रांगेत बसली होती.

यात दुष्टावा नसतो, हिशेब असतो. नाव सांगितलं तर उद्या तिच्या दारात रांग लागेल, मग आपलं काम वेळेवर होणार नाही, आणि ती भाव वाढवेल. नाव झाकलेलं राहिलं तरच ती ‘आपली’ राहते, आपल्या भावात. अर्थात आत्याला संध्याकाळी पंगतीत बसता आलं. लोबाईंच्या बाबतीत या साध्या हिशेबावर वर्णाचं कुलूप होतं. १९५३ च्या अमेरिकेत गोऱ्या आणि काळ्या मुलांच्या शाळा वेगळ्या ठेवणं अनेक राज्यांत कायदेशीर होतं. एवढ्या बड्या लग्नातला मुख्य पोशाख एका काळ्या बाईच्या डोक्यातून निघालाय, हे कौतुकाने सांगायची रीत त्या समाजात नव्हती. ‘पॅरिसहून आणला’ म्हटल्याने पत वाढायची, ‘हार्लेमच्या (न्यूयॉर्कमधल्या कृष्णवर्णीयांच्या वस्तीतल्या) बाईने शिवला’ म्हटल्याने नाही.

म्हणून एकाच वेळी दोन गोष्टी खऱ्या होत्या. रॉकफेलर, रूझवेल्ट, ड्यू पाँट अशा घराण्यांत लोबाईंचं नाव आई लेकीला सांगायची. आणि त्या घरांच्या फाटकाबाहेर ते नाव कुणी उच्चारत नव्हतं. १९६४ मध्ये एका मोठ्या साप्ताहिकाने त्यांच्यावरच्या लेखात त्यांना उच्चभ्रू समाजाचं सर्वांत चांगलं जपलेलं गुपित म्हटलं. ते कौतुक म्हणून लिहिलं होतं. मला ते पावतीसारखं वाटतं.

‘पण शिंप्याचं नाव कोण सांगतं? गोऱ्या शिंपिणीही बिननावाच्याच होत्या’

हा आक्षेप अर्धा बरोबर आहे. मशीनवर वाकलेल्या हजारो गोऱ्या, इटालियन, ज्यू बायकांचीही नावं कुणी लिहिली नाहीत. पण लोबाई दुसऱ्याच्या आराखड्यावर टाके घालत नव्हत्या. आराखडा त्यांचा, बेतणं त्यांचं, दुकान त्यांचं. त्या जागी असलेल्या गोऱ्या माणसांची नावं तेव्हा व्यवस्थित छापली जात होती. त्याच १९५३ च्या जानेवारीत राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी मेमी आयझेनहॉवर यांनी शपथविधीच्या समारंभात घातलेला गुलाबी गाऊन नेटी रोझेनस्टाइन यांचा, हे सगळ्यांना ठाऊक होतं. जॅकलिन केनेडी व्हाइट हाउसमध्ये गेल्यावर त्यांचे डिझायनर ओलेग कॅसिनी घरोघरी माहीत झाले.

१९६१ मध्ये एका महिला मासिकात लग्नाच्या झग्याचा उल्लेख आला, तो ‘एका कृष्णवर्णीय ड्रेसमेकरने’ शिवला असा, आणि हे कूत्यूर नव्हे अशी पुस्ती जोडून. लोबाईंना ते लागलं. त्यांनी थेट व्हाइट हाउसला पत्र लिहिलं. उल्लेख करायचाच असेल तर ‘नामवंत निग्रो डिझायनर’ असा करावा, कारण मी ती आहे, असा त्याचा आशय. (निग्रो हा शब्द आज खटकतो, त्या काळी तो सभ्य मानला जाई.) वर ज्या दोन शब्दांची फोड केली, त्यांतला कोणता आपल्याला लागतो यासाठी साठी गाठलेली बाई पत्र लिहिते, तेव्हा तो शब्दांचा कीस नसतो.

‘पण हिशेब तर त्यांचाच चुकला ना?’

हो, चुकला. लोबाईंना पैशाचं गणित जमत नव्हतं आणि त्यांनी ते लपवलंही नाही. मुलगा आर्थर दुकानाचं जमाखर्च सांभाळायचा. १९५८ मध्ये तो मोटार अपघातात गेला आणि व्यवहाराची सगळी वीणच उसवली. त्यानंतर सॅक्स फिफ्थ अव्हेन्यू या बड्या दुकानात त्यांना जागा मिळाली, पण कापड आणि बायकांचे पगार त्यांच्याच खिशातून जात. झगा जितका महागात पडायचा त्याहून कमीत विकला जायचा. १९६२ पर्यंत सरकारचे १२,८०० डॉलर कर थकले आणि दुकान बंद पडलं. त्याच काळात काचबिंदूने एक डोळा काढावा लागला. कराची थकबाकी कुणीतरी नाव न सांगता भरून टाकली. ती जॅकलिननेच भरली, असं लोबाई शेवटपर्यंत मानत होत्या. एकीचं नाव दडवलेलं, दुसरीने स्वतःचं दडवलेलं.

पण ‘भाव का वाढवला नाही’ हे विचारणं सोपं आहे. भाव नावाचा असतो. जिचं नाव गुपित आहे, तिला ‘माझा झगा दोन हजारांचा’ म्हणता येत नाही, कारण ‘तुझा म्हणजे कुणाचा?’ या प्रश्नाला बाजारात उत्तर नसतं. गिऱ्हाईक श्रीमंत होती म्हणून घासाघीस करत नव्हती, असंही नाही. श्रीमंतांची घासाघीस फक्त गोड आवाजात होते.

त्यांना बिचारीही समजू नका. १९६६ मध्ये ‘एबनी’ मासिकाला त्यांनी सरळ सांगितलं की मी कमालीची शिष्ट आहे, कुणासाठी शिवायचं ते मी निवडते. डोक्यावर हॅट, अंगावर काळा पोशाख, आणि यादीबाहेरच्या बाईला नकार. हा ताठा कदाचित त्यांना महागातही पडला असेल. सरसकट तयार कपडे काढले असते तर पैसे झाले असते. त्यांना ते नको होतं.

मग सगळ्याच अशा झाकल्या गेल्या?

नाही. झेल्डा व्हाल्डेस यांची वाट वेगळी होती. १९४८ मध्ये त्यांनी न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर स्वतःचं दुकान काढलं. त्यांची पुष्कळ गिऱ्हाईकं कृष्णवर्णीय गायिका आणि अभिनेत्री होत्या: डोरोथी डँड्रिज, जॉइस ब्रायंट, एला फिट्झजेराल्ड. एला सतत दौऱ्यावर असायच्या, त्यांना मापाला वेळ नसे. व्हाल्डेसबाईंनी सांगितलंय की त्यांचं माप एकदाच घेतलं. मग वर्तमानपत्रातला फोटो बघायचा, बाई किती सुटल्या त्याचा अंदाज करायचा आणि त्या बेताने कापड कापायचं. घरी शिवणाऱ्या कुणालाही विचारा, फोटोवरून ब्लाउज बसवून दाखव म्हणावं. १९७० पासून हार्लेमच्या नृत्यसंस्थेसाठी त्यांनी ऐंशीहून अधिक प्रयोगांचे पोशाख केले.

फरक पडला तो गिऱ्हाइकामुळे. मंचावरची गायिका प्रसिद्धीवर जगते, आणि नाव सांगण्यात तिचं काही जात नाही. जुन्या श्रीमंत घराचं सगळं झाकण्यावर चालतं.

आज नाव कळून काय बदलतं?

२० जानेवारी २०२१ ला कमला हॅरिस यांनी उपाध्यक्षपदाची शपथ घेतली. त्यांनी घातलेला जांभळा पोशाख ख्रिस्तोफर जॉन रॉजर्स या तरुण कृष्णवर्णीय डिझायनरचा, हे तास-दोन तासांत जगाला कळलं. मिशेल ओबामांचा सर्जिओ हडसन यांचा, हेही. नाव कळलं की दुसऱ्या दिवशी मागणी येते, दुकानं फोन करतात, भाव स्वतः ठरवता येतो. लोबाईंच्या आयुष्यात १९५३ नंतर जे व्हायला हवं होतं ते हेच.

मागच्यांचं काय, हा प्रश्न अवघड आहे. लो यांचे बरेच झगे वॉशिंग्टनच्या आफ्रिकी-अमेरिकी इतिहास संग्रहालयात पोचले, कारण लोइस अलेक्झांडर लेन नावाच्या बाईंनी १९७९ मध्ये हार्लेममध्ये ब्लॅक फॅशन म्युझियम काढून कपडे जमवायला सुरुवात केली होती. लोबाई १९८१ मध्ये वारल्या. मोठी संग्रहालयं जागी होईपर्यंत कुणीतरी ते कपाटात जपून ठेवले होते, एवढ्यावर सगळं निभावलं.

केकलींच्या बाबतीत तेवढाही आधार नाही. वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात मेरी लिंकन यांचा जांभळ्या मखमलीचा एक पोशाख आहे, १८६१-६२ च्या हिवाळ्यात त्यांनी घातलेला. शिवणींवर पांढरी रेघ, कापड अजून गडद. आत नावाची पट्टी नाही. म्हणून पाटीवर लिहावं लागतं की तो केकलींनी शिवला असावा, असं मानलं जातं. असावा! सतरा माणसं पोसून, बाराशे डॉलर फेडून, हटून बसलेल्या राष्ट्राध्यक्षाच्या बायकोची समजूत काढून, शेवटी ‘असावा’.

आणि आडनाव. सही करताना त्या इंग्रजीत एक अक्षर कमी लिहायच्या. त्यांच्याच आत्मचरित्राच्या मुखपृष्ठावर ते एक अक्षर जास्तीचं छापलं गेलं आणि दीडशे वर्षं तसंच चाललं. आता कुठे काही संग्रहालयं त्यांच्या सहीप्रमाणे लिहू लागली आहेत. देवनागरीत दोन्ही केकलीच.